कोर्सला नाव नोंदवण्याआधी वही उघडा: छोट्या व्यवसायासाठी प्रशिक्षण निवडण्यापासून ते रोजच्या कामात उतरवण्यापर्यंत

व्यवसाय सुरू करू पाहणारा किंवा चार-पाच वर्षं चालवून एका जागी अडकलेला माणूस प्रशिक्षणाकडे वळतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "कोणता कोर्स करू?" याचं उत्तर त्याच्याच वहीत असतं. विक्री कमी आहे, की विक्री होऊनही हाती काही उरत नाही? उधारी अडकली आहे, की माल पडून आहे? एवढं कळलं की निम्मी निवड झाली.

प्रशिक्षणाचा उपयोग होतो का, हा प्रश्न मात्र आधी निकालात काढूया. जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०२१ मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. हे प्रयोग असे की सोडत काढून काही व्यावसायिकांना प्रशिक्षण द्यायचं, काहींना द्यायचं नाही आणि पुढे दोन्ही गटांची तुलना करायची. प्रशिक्षण घेतलेल्यांची विक्री सरासरी ४.७ टक्क्यांनी आणि नफा १०.१ टक्क्यांनी जास्त निघाला. 'तीन महिन्यांत कमाई दुप्पट' अशा जाहिराती वाचून आलेल्याला हे आकडे किरकोळ वाटतील. मला ते मोलाचे वाटतात, कारण चार दिवस वर्गात बसून वर्षाच्या नफ्यात दहावा हिस्सा भर पडणार असेल तर ती छोट्या धंद्याला चांगलीच जाणवते. पण ही सरासरी आहे. काही प्रकारच्या प्रशिक्षणांतून जवळजवळ काहीच निघालं नाही, काहींतून यापेक्षा कितीतरी जास्त मिळालं. तुम्ही कुठल्या बाजूला पडाल हे बऱ्याच अंशी निवडीवर आणि नंतरच्या महिन्या-दोन महिन्यांवर ठरतं.

पहिली पायरी: चौदा दिवसांची वही

धंदा चालू असेल तर कोर्स शोधण्याआधी चौदा दिवस एक साधी वही लिहा. रोज चार नोंदी. विक्री किती झाली, त्यात रोख किती आणि उधार किती. माल आणि बाकी खर्चावर किती गेले. गल्ल्यातून घरासाठी किती काढले. आणि काहीही न घेता कोण परत गेलं, का गेलं. ही शेवटची नोंद लोक गाळतात, आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त बोलते. "रंग नव्हता", "भाव पटला नाही", "थांबायला वेळ नव्हता" असं दोन-तीन शब्दांत लिहिलं तरी पुरतं. चौदा दिवसांत एकच कारण सहा वेळा दिसलं, तर कोर्सचा विषय तुमच्या समोरच आहे.

रोजच्या रोज लिहा. आठवड्याचं एकदम आठवून लिहायला बसलं की घरासाठी उचललेल्या छोट्या रकमा हमखास निसटतात आणि मग 'पैसा जातो कुठे' हे कोडं तसंच राहतं.

वही पुरी झाली की एक संध्याकाळ काढून स्वतःची झाडाझडती घ्या. मॅकेन्झी आणि क्रिस्टोफर वुड्रफ यांनी बांगलादेश, चिली, घाना, केनिया, मेक्सिको, नायजेरिया आणि श्रीलंका या सात देशांतल्या छोट्या व्यवसायांमध्ये २६ सवयी तपासल्या होत्या. विक्री, मालसाठा, नोंदी आणि पैशांचं नियोजन असे त्यांचे चार कप्पे. ज्यांच्या अंगी या सवयी जास्त, त्यांचे धंदे जास्त टिकले आणि विक्रीही जास्त वेगाने वाढली. त्यातल्या काही इथे प्रश्नांच्या रूपात, माझ्या शब्दांत:

- गेल्या तीन महिन्यांत स्पर्धकाकडे जाऊन त्याचे भाव पाहिले का?
- यायचं बंद झालेल्या जुन्या गिऱ्हाइकाला कारण विचारलं का?
- सध्या काय खपतंय, हे पुरवठादाराला विचारलं का?
- दुसऱ्या पुरवठादाराचा भाव आणि दर्जा ताडून पाहिला का?
- महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा माल संपू नये, याची काळजी घेतली जाते का?
- प्रत्येक खरेदी आणि प्रत्येक विक्री लिहिली जाते का?
- आत्ता हातात रोकड किती, हे वहीवरून सांगता येईल का?
- मुख्य वस्तूंपैकी प्रत्येकीला खर्च किती येतो आणि सगळ्यात जास्त नफा कोणती देते, हे माहीत आहे का?
- पुढच्या वर्षी विक्री कुठवर न्यायची, हे कुठे लिहून ठेवलं आहे का?

ज्या कप्प्यात 'नाही' जास्त, तो कप्पा तुमचा. आणि नीट पाहिलंत तर यातली निम्मी कामं कुठल्याही कोर्सशिवाय उद्या सकाळी करता येण्याजोगी आहेत. ती आधी करून टाका. प्रशिक्षणात जाताना ज्या गोष्टी एकट्याने जमल्या नाहीत त्याच घेऊन जा.

दुसरी पायरी: अडचणीचं नाव ठरवा

इथे घाई करू नका. बहुतेकांचा पैसा आणि वेळ याच वळणावर वाया जातो.

सर्वांत आधी कसब आणि व्यवहार वेगळे करा. शिवणकाम उत्तम येणारी बाई धंदा अडला की शिवणकामाचाच पुढचा कोर्स लावते. यंत्रं दुरुस्त करणारा नव्या यंत्रांचा कोर्स लावतो. त्यात गैर काही नाही, पण माणूस आपल्याला आधीच आवडणाऱ्या विषयाकडे ओढला जातो हे लक्षात असू द्या. वहीत 'शिलाई नीट नव्हती' म्हणून एकही गिऱ्हाईक गेलेलं नसेल आणि तीन जणांची उधारी दोन महिने थकलेली असेल, तर शिकायचं आहे ते वसुली आणि हिशेब.

व्यवहाराच्या बाजूला ढोबळमानाने चार प्रकारची अडचण असते.

पहिली, गिऱ्हाईकच कमी. दुसरी, गिऱ्हाईक आहे पण पैसा उरत नाही. या दोन्हींची औषधं वेगळी आहेत हे दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमध्ये झालेल्या एका प्रयोगात छान दिसलं. काही छोट्या व्यावसायिकांना दहा आठवडे विक्री आणि विपणन शिकवलं, काहींना तेवढेच आठवडे हिशेब आणि पैशांचं नियोजन. नफा दोघांचाही वाढला, पण वाटा निराळ्या. पहिल्या गटाचा विक्री वाढून, दुसऱ्याचा खर्च आटोक्यात येऊन. पुढची गोष्ट निवडीसाठी जास्त कामाची आहे. ज्यांनी आपल्या चौकटीबाहेरचं धंद्याचं जग फारसं पाहिलं नव्हतं त्यांना विक्रीच्या शिक्षणाचा लाभ जास्त झाला, आणि ज्यांचं बस्तान आधीच बऱ्यापैकी बसलेलं होतं त्यांना हिशेबाच्या. तुम्ही नवखे असाल, एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाशी व्यवहार केला असेल, तर विक्रीच्या कोर्सकडे झुका. धंदा मुरलेला असेल तर हिशेबाकडे.

हिशेबाचा कोर्स म्हटलं की अनेकांच्या पोटात गोळा येतो. जमा, नावे, ताळेबंद, घसारा. डॉमिनिकन प्रजासत्ताकात अलेहान्द्रो ड्रेक्सलर, ग्रेग फिशर आणि अँटॉइनेट शोअर या संशोधकांनी सूक्ष्म कर्ज घेणाऱ्या व्यावसायिकांचे दोन वर्ग चालवून पाहिले. एकात रीतसर हिशेबशास्त्र. दुसऱ्यात सोपे ठोकताळे: धंद्याचा पैसा एका खणात, घरचा दुसऱ्या खणात, आणि एकातून दुसऱ्यात उचललात तर तशी चिठ्ठी लिहून ठेवायची. ठोकताळे शिकलेल्यांच्या सवयी सुधारल्या. रीतसर हिशेब शिकलेल्यांमध्ये ठळक फरक दिसला नाही. म्हणून अभ्यासक्रम जितका भारदस्त तितका चांगला, हे मनातून काढून टाका. आकड्यांची सवय नसलेल्याने आधी दोन खणांचा कोर्स करावा. कर्जासाठी कागदपत्रं द्यायची वेळ आली, नोकर वाढले, कर भरायची वेळ आली की मग पुढचा.

तिसरी अडचण वहीत सहज दिसत नाही. सगळं ठीक चाललेलं असतं आणि काहीच हलत नसतं. तोच माल, तीच चार गिऱ्हाइकं, शेजारी जे विकतो तेच आपण विकतो. इथे टोगो देशाची राजधानी लोमे इथला प्रयोग आठवतो. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. १,५०० छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले. एकाला काही नाही, एकाला नेहमीचं व्यवस्थापन प्रशिक्षण, आणि तिसऱ्याला पुढाकाराचं प्रशिक्षण. मानसशास्त्रज्ञ मायकेल फ्रेझ यांच्या कामावर बेतलेल्या या तिसऱ्या वर्गात शिकवलं ते असं: कुणी सांगायची वाट न पाहता सुरुवात करा, पुढे येणारी अडचण आधी ओळखा, इतरांपेक्षा वेगळं काय देता येईल ते शोधा, आणि पहिला प्रयत्न फसला तर दुसरा रस्ता तयार ठेवा. या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाच्या गटात वाढ ११ टक्के दिसली, पण ती योगायोग नाही असं खात्रीने म्हणता येण्याइतकी ठळक नव्हती.

पुढाकार शिकवता येतो, ही कल्पना जुनी आहे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यावसायिकांसाठी असेच वर्ग घडवून आणले होते. काहीतरी साध्य करण्याची ओढ प्रौढ माणसात जागवता येते, हा त्यांचा दावा. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेचा १९८८ मध्ये अर्जेंटिनात सुरू झालेला 'एम्प्रेटेक' हा कार्यक्रम त्याच परंपरेतला. सहा दिवसांची कसून घेतली जाणारी कार्यशाळा हा त्याचा गाभा आहे. पण 'प्रेरणा' या शब्दाखाली दोन तास टाळ्या वाजवून घरी पाठवणारेही खूप आहेत. फरक ओळखायची खूण सोपी आहे: वर्ग संपताना तुमच्या हातात तुमच्याच धंद्याची, तारखा घातलेली कामांची यादी आहे का?

चौथी अडचण माहितीची: माल कुठे स्वस्त मिळतो, कोणत्या दिवशी विक्री होते, कोण पैसे बुडवतं. ही माहिती वर्गात मिळत नाही. केनियातल्या नैरोबीजवळच्या दांडोरा वस्तीत नवख्या व्यावसायिक स्त्रियांपैकी काहींना वर्गात बसवलं, तर काहींची त्याच वस्तीतल्या जाणत्या, यशस्वी व्यावसायिक स्त्रियांशी जोडी लावून दिली. वर्गातल्यांच्या नफ्यात फरक पडला नाही. जोडी लावलेल्यांचा नफा सुमारे २० टक्क्यांनी वाढला, आणि तो मुख्यतः स्वस्त पुरवठादार सापडल्यामुळे. तुमची अडचण अशी असेल तर कोर्सची फी वाचवा. आपल्याच क्षेत्रातल्या, पण आपली थेट स्पर्धा नसलेल्या एखाद्या जुन्या माणसाकडे जा, आठवड्यातून एक तास मागा आणि त्या तासाला वही घेऊन जा.

अजून सुरूच केलं नसेल तर

तुमच्याकडे वही नाही, पण निवड सोपी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा छोट्या व्यवसायांसाठीचा कार्यक्रम शंभरहून जास्त देशांत पोहोचला आहे. त्याची मुळं १९७० च्या दशकात स्वीडनच्या मालक संघटनेने बनवलेल्या प्रशिक्षण साहित्यात आहेत. त्याची रचना चार टप्प्यांची: कल्पना शोधा, सुरू करा, सुधारा, वाढवा. कोणत्याही संस्थेचा कोर्स पाहताना हे चार शब्द मनात ठेवा. कल्पनाच पक्की नसलेला माणूस 'वाढवा'च्या वर्गात बसला तर त्याला सगळं पटतं आणि काहीच लागू पडत नाही.

पहिल्या कोर्सला जाण्याआधी एक गणित स्वतः करून पाहा. आकडे कोणत्याही चलनातले समजा. तुम्ही पिशव्या शिवून विकणार आहात. जागेचं भाडं, वीज, कर्जाचा हप्ता असा दर महिन्याचा ठरलेला खर्च २४,०००. पिशवी २०० ला विकली जाते, तिच्यावर कापड, चेन, दोरा आणि नगावर दिलेली मजुरी मिळून १२० जातात. एका पिशवीमागे ८० उरतात. २४,००० भागिले ८०, म्हणजे ३०० पिशव्या विकल्या की तुम्ही फक्त 'ना नफा, ना तोटा' इथवर आलात. महिन्यात कामाचे दिवस २५ धरले तर रोजच्या १२. आता यात स्वतःचं घर चालवायला लागणारे १६,००० घाला. आकडा ४०,००० होतो, पिशव्या ५०० होतात, रोजच्या २०.

रोज वीस पिशव्या शिवून होतील का? झाल्या तर कोण घेईल? या दोन प्रश्नांपैकी ज्याचं उत्तर अडतं, त्याचा कोर्स. पहिल्यावर अडलात तर उत्पादन आणि कामाची मांडणी, दुसऱ्यावर अडलात तर विक्री.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. श्रीलंकेत कोलंबो परिसरातल्या स्त्रियांना याच श्रम संघटनेच्या अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा ज्यांचा धंदा अजून नव्हता त्यांनी तो लवकर सुरू केला आणि तो जास्त फायद्यात चालला. पण दीड-दोन वर्षांत प्रशिक्षण न घेतलेल्याही तितक्याच जणींनी धंदे उघडले होते. आणि ज्यांचा धंदा आधीच चालू होता, त्यांच्या नफ्यात नुसत्या प्रशिक्षणाने फरक पडला नाही. म्हणजे सुरुवातीचा कोर्स सुरुवातीलाच करावा. दुकान दोन वर्षं चालवल्यावर 'व्यवसाय कसा सुरू करावा' या वर्गात बसायला जाऊ नये, तो कितीही फुकट असला तरी.

तिसरी पायरी: कोर्सची खरी किंमत काढा

फी हा किमतीचा एक भाग. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. धंदा चालू आहे, महिन्याला ४०० पिशव्या जातात, म्हणजे दिवसाला १६. एका दिवसात उरणारी रक्कम १६ गुणिले ८०, म्हणजे १,२८०. कोर्स चार दिवसांचा आणि त्या दिवसांत काम बंद, तर ५,१२० गेले. प्रवास आणि किरकोळ ८८० धरा. फी ४,०००. एकूण १०,०००.

याला ८० ने भागा: १२५ पिशव्या. म्हणजे हा कोर्स तुम्हाला १२५ जादा पिशव्या विकून भरून काढायचा आहे. ४०० पिशव्यांवर महिन्याचा नफा ८,००० असेल आणि सरासरीप्रमाणे तो दहा टक्क्यांनी वाढला, तर महिन्याला ८०० जादा, म्हणजेच दहा पिशव्या. साडेबारा महिने लागतील.

हे गणित केलं की दोन गोष्टी दिसतात. एक, फी शून्य असली तरी कोर्स ६,००० ला, म्हणजे ७५ पिशव्यांना पडतोच. फुकट आहे म्हणून जाणं हे कारण पुरेसं नाही. दोन, काम बंद ठेवण्याचा खर्च बऱ्याचदा फीपेक्षा मोठा असतो, म्हणून वेळापत्रकाला फीइतकंच महत्त्व द्या. लोमेमधला वर्ग एकूण ३६ तासांचा होता आणि चार आठवड्यांत विभागलेला होता. एका वेळी थोडे तास, उरलेल्या वेळात धंदा चालू. सलग चार दिवस आणि तुकड्यातुकड्यांत चार आठवडे असे दोन पर्याय असतील तर मी दुसरा घेईन. शिकलेलं दुसऱ्याच दिवशी करून पाहता येतं आणि पुढच्या तासाला प्रश्न घेऊन जाता येतं. हंगामाच्या दिवसांत मात्र कुठलाच वर्ग लावू नका.

चौथी पायरी: नाव नोंदवण्याआधी फोन

माहितीपत्रक वाचून निर्णय घेऊ नका, बोलून घ्या. शिकवणाऱ्याने स्वतः धंदा केला आहे का, किंवा छोट्या व्यावसायिकांबरोबर प्रत्यक्ष काम केलं आहे का, हे विचारा. वर्गात किती जण असतात ते विचारा. चाळीसच्या वर असतील तर तुमच्या वहीकडे कुणी पाहणार नाही. गेल्या तुकडीतल्या दोघांशी बोलायला मिळेल का, हे जरूर विचारा, आणि त्यांच्याशी बोलताना "कोर्स कसा होता?" असं न विचारता "कोर्सनंतर तुम्ही काय वेगळं करायला लागलात?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे "छान होता" म्हणतात. दुसऱ्यावर कुणी गप्प झालं तर उत्तर मिळालं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: वर्ग संपल्यावर कोणी माझ्या धंद्याच्या जागी येतं का, किंवा निदान ठरावीक दिवशी बोलतं का? लोमेमध्ये वर्ग संपल्यावर प्रशिक्षक पुढचे चार महिने, महिन्यातून एकदा प्रत्येकाकडे जाऊन बसत होता. असा पाठपुरावा देणारी संस्था सापडली तर फी थोडी जास्त असली तरी तिलाच पसंती द्या.

ठरावीक कमाईची हमी देणारा, आज पैसे भरले तरच सवलत म्हणणारा, अभ्यासक्रमाची लेखी रूपरेषा न देणारा, आणि पहिल्या वर्गाचा बराचसा वेळ पुढच्या महागड्या कोर्सची ओळख करून देण्यात घालवणारा: या चौघांपासून दूर राहा. प्रमाणपत्रालाही भुलू नका. कर्ज किंवा परवान्यासाठी ते लागणार असेल, तर ज्या कचेरीत द्यायचं आहे तिथेच आधी विचारा की या संस्थेचं चालेल का. त्यापलीकडे गिऱ्हाईक भिंतीवरचं प्रमाणपत्र बघून येत नाही.

ऑनलाइन घ्यायचं का?

घ्या, पण अट घालून. एडएक्स या व्यासपीठावरच्या हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी ३.१३ टक्क्यांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेने गेलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. पैसे भरणारे मुळातच जास्त गंभीर असतील हे मान्य करूनही, नुसतं 'नंतर बघू' म्हणून साठवलेले व्हिडिओ बघितले जात नाहीत हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

फोटो कसे काढावेत, वस्तूची यादी ऑनलाइन कशी टाकावी, हिशेबाचं ॲप कसं वापरावं, अशा एकेका कामासाठी ऑनलाइन उत्तम. समोर तेच काम करत बसा, थांबवून थांबवून बघा. भाव ठरवणं, उधारी मागणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, नोकराला समज देणं या गोष्टी माणसांसमोर बसून, चुका करून शिकायच्या असतात.

पाचवी पायरी: कुणाला तरी बरोबर न्या

अहमदाबादमध्ये 'सेवा' या स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेच्या बँकेच्या ग्राहक असलेल्या स्त्रियांना दोन दिवसांचं व्यवसाय मार्गदर्शन दिलं गेलं. काहींना एकटीला बोलावलं, काहींना मैत्रिणीसह. विषय तेच, शिकवणारे तेच. मैत्रिणीबरोबर आलेल्यांनी पुढे धंद्यासाठी कर्ज जास्त घेतलं आणि चार महिन्यांनंतर त्यांच्या धंद्याची हालचाल आणि घरचं उत्पन्नही वाढलेलं दिसलं. एकट्या आलेल्यांमध्ये तसा फरक नव्हता. कारण समजण्यासारखं आहे. वर्गात ठरवलेलं घरी येऊन सांगितल्यावर शंका काढणारे बरेच असतात, आणि त्या वेळी तेच ऐकलेलं दुसरं कुणीतरी शेजारी असणं मोठा आधार असतो.

ओळखीचं कुणी येणार नसेल तर वर्गात पहिल्याच दिवशी एक जोडीदार गाठा. शक्यतो वेगळ्या धंद्यातला. दर आठवड्याला एकमेकांना फोन करायचं तिथेच ठरवा आणि दिवसही ठरवा.

वर्गात बसल्यावर

वही बरोबर न्या, मघाची चौदा दिवसांची. शिक्षक फळ्यावर काल्पनिक बेकरीचं उदाहरण सोडवत असेल तेव्हा शेजारच्या पानावर तुम्ही तुमचे आकडे घालून तेच सोडवा. अडलं तर हात वर करा. स्वतःचे आकडे वर्गात सांगायला संकोच वाटतो, विशेषतः तोट्याचे. सगळ्यांसमोर नको तर मधल्या सुट्टीत शिक्षकाला गाठा, पण विचारल्याशिवाय घरी येऊ नका. वर्गातला तो एक तास तुमच्यासाठी वसूल होतो तो तिथेच.

टिपणं सगळ्याची काढू नका. रोज शेवटी पान उलटून फक्त एवढं लिहा: या आठवड्यात मी काय करणार, कोणत्या दिवशी, आणि ते झालं हे कशावरून कळेल. "मार्केटिंग सुधारणार" हे लिहू नका. "बुधवारी यायची बंद झालेली पाच गिऱ्हाइकं निवडून फोन करणार, कारणं वहीत लिहिणार" हे लिहा.

वर्ग संपल्यावरचे साठ दिवस

प्रशिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पातळ्या मांडल्या: आवडलं का, समजलं का, वागणं बदललं का, परिणाम झाला का. प्रशिक्षण देणाऱ्या संस्था बहुधा पहिलीवर थांबतात, शेवटच्या दिवशी एक अर्ज भरून घेतात. तिसरी आणि चौथी पातळी तुम्हालाच तपासावी लागेल.

पहिल्या आठवड्यात एकच बदल करा. दहा नको. दोन खणांचा नियम शिकलात तर त्याच संध्याकाळी दुसरा खण, डबा किंवा वेगळं खातं उघडा. घरच्यांना सांगा की यापुढे गल्ल्यातून परस्पर पैसे घ्यायचे नाहीत, घेतले तर चिठ्ठी टाकायची. चार दिवस कटकट होईल. ती सोसावी लागते, कारण नियम पहिल्याच आठवड्यात वाकला की पुन्हा उभा राहत नाही.

दुसऱ्या आठवड्यात त्याच बदलाला चिकटून राहा. तिसऱ्या आठवड्यात दुसरा बदल घ्या. जोडीदाराचा साप्ताहिक फोन चुकवू नका. दांडोरातल्या स्त्रियांचा वाढलेला नफाही त्या जाणत्या बायकांच्या भेटीगाठी थांबल्यावर हळूहळू ओसरला होता. संस्थेकडून कुणी येणार असेल तर येण्याच्या आदल्या दिवशी प्रश्न लिहून ठेवा.

पंचेचाळिसाव्या दिवशी नवी वही काढा आणि पुन्हा चौदा दिवस, त्याच चार नोंदी. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवा. रोख-उधारीचं प्रमाण, घरासाठी काढलेली रक्कम, आणि रिकाम्या हाती परत गेलेली गिऱ्हाइकं: या तीन ओळी ताडून पाहा. एकूण विक्री हंगामाने वरखाली होते, म्हणून तिच्यावरून लगेच निकाल देऊ नका. ज्या ओळीसाठी कोर्स केला ती हलली असेल तर ती सवय पक्की करा, आणि पुढचा कोर्स निदान सहा महिने लावू नका. हलली नसेल तर त्याच ओळीवर बोट ठेवून प्रशिक्षकाला फोन करा.